तळाचं पाणी

"पाणी उकळून पिता ना?" बाईंनी विचारलं.

"पितो की."

"आज उकळलंय?"

"आज तुम्ही फारच लवकर आलात," घरधनीण म्हणाली, आणि दोघी हसल्या. ही घरधनीण बाईंच्याच वर्गात शिकलेली. बाईंपुढे थाप पचत नाही, हे तिला ठाऊक होतं.

हे सहावं घर. पाचव्या घरातल्या लेकराला हगवण लागली होती, आणि तेव्हाच निवृत्त बाईंनी पदर खोचला होता. सगळं गाव एकाच विहिरीचं पाणी पितं. खोट तिथेच असणार. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते, "घरोघरचा पुरावा आणा, विहीर उद्या बंद करतो." बाईंनी वही उचलली आणि पहिल्या घरापासून सुरुवात केली.

"वरवरचं नको गं. गाळ तळाशी असतो." त्यांनी आपलं ओगराळं माठात पार खालपर्यंत बुडवलं, बाटली भरली, ओगराळं पदराला पुसलं.

"आमचं घ्या की ओगराळं, बाई."

"तुझं कशाला? सगळ्यांना एकच माप हवं. परीक्षेत तुला वेगळी प्रश्नपत्रिका दिली होती का मी?"

"दिली असती तर पास झाले असते."

दिवस मावळेपर्यंत बेचाळीस घरं झाली. पाय सुजले, पण बाई थांबल्या नाहीत.

आठ दिवसांत गाव आडवं झालं. दवाखान्यात एकेका खाटेवर दोन-दोन पोरं. बाई पुन्हा दारोदार हिंडल्या, आजाऱ्यांची नोंद केली आणि वही डॉक्टरांपुढे ठेवली.

"हा घ्या पुरावा. आणखी पोरं आजारी पडायच्या आत विहीर बंद करा."

"विहीर निर्मळ आहे, बाई. दोनदा तपासली."

"मग पोरं काय वाऱ्याने आजारी पडली?"

"तेच कळत नाही. पहिली चार घरं ठणठणीत. पाचव्यापासून पुढे ओळीने आजारी. मधली नववं, सतरावं आणि तिसावं तेवढी वाचली. ती कुठलं पाणी पितात?"

"विहिरीचंच."

"मग त्यांचं वेगळं काय? ते कळलं तर बाकीची पोरं वाचवता येतील."

"सापडेल. पहिल्या दिवसापासून सगळं लिहून ठेवलंय मी."

बाईंनी चष्मा लावला, पानं मागे उलटली. तिन्ही घरांपुढे त्यांच्याच वळणदार अक्षरात एकच ओळ होती: 'दाराला कुलूप. नमुना घेतला नाही.'