दहापैकी नऊ

"दहापैकी किती दुखतंय, मॅडम?" नर्सने फॉर्म पुढे ओढला.

नणंदबाईंनी डोळे मिटले, पोट धरलं आणि म्हणाल्या, "नऊ." दहाच म्हणणार होत्या, पण दहा कोणाला खरं वाटलं नसतं.

दुखत काहीच नव्हतं. लिफ्ट बंद म्हणून बाई तीन जिने चढून आल्या होत्या, तेही कुठे न टेकता.

सलत होती ती वहिनी, धाकट्या भावाची बायको. तिने झाडाच्या तंतूंपासून एक पट्टी बनवली होती, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. ऑपरेशननंतर पोटातलं आतल्या आत एकमेकांना चिकटतं आणि दुखत राहतं. मध्ये ही पट्टी ठेवली की चिकटत नाही, आणि काम झालं की ती आपोआप विरघळते. "आमची सून म्हणजे सोनं," आई येईल-जाईल त्याला ऐकवायची. पोटची लेक समोरच भाजी निवडत असायची. ती काय पितळ?

म्हणून स्वतःचं ऑपरेशन ठरलं आणि डॉक्टरांनी विचारलं, "पट्टीच्या चाचणीत नाव घालू का?" तेव्हा बाईंनी फटकन सही ठोकली. पट्टी निम्म्याच पेशंटांना मिळणार होती. कोणाला, ते निकालापर्यंत वहिनीलाही कळणार नव्हतं. बाईंनी हे वाचलं आणि मनात हसल्या. घरच्या माणसाचा वशिला नसतो होय?

सहा महिने, दर तपासणीला नऊ. घरात मात्र ठणठणीत. उगाच आईच्या जिवाला घोर नको.

निकालाच्या दिवशी वहिनी आली ती डोळे भरूनच. तिने आईदेखत नणंदेचे दोन्ही हात धरले. बाई सांत्वनाचे चार शब्द जुळवून तयारच बसल्या होत्या.

"ताई, पट्टी पास झाली. जिच्या-जिच्या पोटात होती, ती तीनच्या वर गेली नाही."

"आणि मी?"

"तुमच्यात पट्टी नव्हतीच हो. तुम्ही दर वेळी नऊ सांगितलंत, म्हणून तर फरक एवढा ठळक दिसला."

आई उठली, लेकीजवळ येऊन बसली आणि कित्येक वर्षांनी तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "वहिनीसाठी एवढं सोसलंस, आणि घरात कुणाला कळूसुद्धा दिलं नाहीस?"