तक्रार नसलेलं गाव

धम्मशीला शाळेच्या फाटकातून आत आली, तशी वर्गात शिकवणारी पोरगी खडू ठेवून तडक बाहेर निघाली आणि खिचडीच्या चुलीपाशी जाऊन बसली. खिचडी शिजवणाऱ्या मनकर्णाबाईंनी मुकाट्यानं सरकून तिला जागा दिली, हातातला सराटाही दिला. पोरांनी मोठ्यानं पाढे सुरू केले. सगळं इतकं सफाईनं झालं की काही विचारू नका.

खांद्याला पर्स, हातात वही. सगळ्यांना ती शिक्षण खात्याची मॅडम वाटली. धम्मशीलानंही लगेच खुलासा केला नाही. ती चिखलीच्या एका दैनिकाची बातमीदार, आणि तिची एक खोड होती. बाकीचे बातमीदार पंचायत समितीत तक्रारींच्या फायली चाळत. ही उलटं पाही, तक्रार कोणाची नाही ते. तालुक्यातल्या झाडून सगळ्या गावांनी आपापल्या मास्तरांवर कधी ना कधी अर्ज केलेला. या एका गावाचा चार वर्षांत एकही नाही. "मग तिथं कसली आलीय बातमी?" संपादक म्हणाले होते. तिनं सकाळची एसटी धरली.

"सर कोठी गेले रे?" तिनं वर्गात विचारलं. एकशिक्षकी शाळा, सर एकच.

"मिटिंगले," सगळी पोरं एका सुरात.

तिनं फळ्यावर गणित घातलं. एका ओळीत मिरचीची नऊ रोपं, अशा तीन ओळी, त्यातली चार वाळली. किती राहिली? पुढच्या रांगेतला प्रेम ताडकन उठला. "बावीस."

"प्रेम, घाई नको करू. पुन्हा मोज." आवाज चुलीकडून आला. खिचडी ढवळणाऱ्या पोरीनं मान वर केलीच नव्हती.

"हो बाई," प्रेम म्हणाला. "तेवीस."

मग मात्र वर्ग चिडीचूप झाला. प्रेमनं जीभ चावली. खरं सांगायचं तर धम्मशीलाला आनंद झाला. बातमी हाताला लागली की होतो तसा, जरासा पापीच.

तिनं आपण कोण ते सांगितलं, आणि दहा मिनिटांत शाळा समितीचे अध्यक्ष नारायणराव दुपट्टा सावरत हजर झाले. म्हातारा आढेवेढे घेणारा नव्हता.

"सर झेंडावंदनाले येते," ते म्हणाले. "अन् साहेब यायचा असला की येते. फाट्यावरून आमाले फोन येते, आमी सरले करतो."

"अन् बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस मयुरी. हे आमच्या पुष्पाबाईची पोरगी. डीएड झाली, नोकरी काही लागली नाही. सर आपल्या पगारातून तिले थोडंफार देते."

"अन् सारं गाव गप बसलं? काऊन, काका?"

"सर शिकवे तवा पाचवीच्या पोराले सोताचं नाव लिहिता नव्हतं येत. आता वह्या पाहून घ्या." नारायणराव अंगणातल्या दगडावर टेकले. "तुमी छापसान तं सर परत येईन."

"यायलाच पाहिजे ना."

"हाव. मंग शाळा बंद पडन."

धम्मशीलानं वह्या पाहिल्या. प्रत्येक पानाला समास आखलेला, प्रत्येक चुकीखाली बरोबर उत्तर लिहिलेलं. तिला त्या सरांचा संताप आला, साहेबांचा आला, नारायणरावांचा मात्र येईना. वर्षभरात अशी बातमी हाती आली नव्हती. पण पोरं खिचडीला बसली तोवर तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि ठरवल्यावर तिला बरंही वाटलं.

दुपारच्या एसटीला वेळ होता. मयुरी फाट्यापर्यंत सोडायला आली. तिच्या ओढणीला धुराचा वास येत होता.

"घाबरू नको," धम्मशीला म्हणाली. "मी नाही देत हे बातमी. तुह्या पोटावर पाय देऊन मले नाव नाही कमवायचं."

मयुरी चालता चालता थांबली. पोरगी हरखून जाईल, निदान हुश्श तरी करेल, असं धम्मशीलाला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

"मागच्या महिन्यात सरचा सत्कार झाला," मयुरी म्हणाली. "आदर्श शिक्षक म्हनून. माह्याच पोरांनी स्वागतगीत म्हटलं. मीच बसवलं होतं. अन् मी मांडवाच्या मागं, पान्याच्या टाकीपाशी उभी होती."

मयुरीनं मान वर केली.

"तुमी छापा, ताई."

"अवं, सगळ्यात आधी तुलेच काढतीन ते."

"काढू द्या." एसटी वळणावर दिसायला लागली होती. मयुरीनं ओढणीनं चेहरा पुसला. "फक्त त्याच्यात माह्यं नाव टाकजा. पूर्न टाकजा. चार वर्स झाले, हजेरीवर नाही, निकालावर नाही, कोठीच नाही आलं."

धम्मशीलानं वही उघडली. एसटी येऊन थांबली, कंडक्टरनं घाई केली, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मयुरी आपलं नाव सांगत होती. आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव, एकेक शब्द सावकाश, पोरांना शुद्धलेखन घालावं तसं.