इसरूचा ढोल

माजरीतल्या निवृत्त खाणकामगारांच्या बंधू मंडळाचा मेळावा दरवर्षी आरती, बुद्धवंदना आणि दुआ झाल्यावरच सुरू होई. मंडळ सगळ्या धर्मांचं आहे, याचा अध्यक्ष वारलूभाऊंना मोठा अभिमान. यंदा इसरू मडावी आपल्या जंगलातल्या गावाहून ढोल घेऊन आला. "भाऊ, आमच्या गोंडांच्या पेनदेवाच्या नावानं दोन मिनिटं वाजवू का?" "राहू दे ना बाप्पा. मले ढोलाचा आवाज आवडत नाई," वारलूभाऊ सहज बोलून गेले. इसरू ढोलावर दुपट्टा गुंडाळून पंगतीत जेवला आणि गेला. तीस वर्षं एकाच पाळीत दोघं खाणीत उतरले होते. वारलूभाऊंना राहवेना. आठवड्यानं ते त्याच्या अंगणात जाऊन बसले. "चुकलो रे. पुढच्या साली ढोल घेऊनच ये." इसरूनं चहाचा कप त्यांच्या हाती दिला. "येईन ना भाऊ," तो म्हणाला, "पण आता नुसतं जेवाले."