कॅप्टनने आणलेला कागद

“आर्विलाबाई, हा कॅप्टन घोड्यावरून उतरेल आणि तुम्हाला कागद देईल. तुमचा मुलगा लढाईत मारला गेलाय. कागद वाचायचा आणि रडायचं. एवढंच काम,” दिग्दर्शक केसलर म्हणाला.

आर्विला स्टाउटने मान हलवली. १९५२ चा उन्हाळा होता. अमेरिकेतल्या उटाहच्या लाल कड्यांखाली खोटं लाकडी घर उभं केलं होतं. चित्रपट नव्वद वर्षांपूर्वीच्या यादवी युद्धातला, म्हणून गावातल्या बायका लांब झगे घालून हौसेने आल्या होत्या. आईच्या कामासाठी आर्विलाला केसलरने नुसत्या चेहऱ्यावरून निवडलं होतं.

कॅमेरा सुरू झाला. कॅप्टन झालेला डेल हा कोवळा नट धूळ उडवत आला. त्याने टोपी काढून कागद पुढे केला.

आर्विलाने तो घेतला, पण उघडला नाही. एप्रनच्या खिशात सारून ती म्हणाली, “लांबून आलास रे. आत ये, दोन घास खाऊन घे.”

“कट! खाऊन घे? हे कुठून काढलंत? मुलगा मेलाय तुमचा!”

कॅमेऱ्यामागची माणसं हसली. गावातलं कुणी हसलं नाही.

दुसऱ्यांदाही तिने तेच केलं. तिसऱ्यांदा कागद उघडला, पण डोळे कोरडेच. केसलर वैतागला. “बाई, जगातली कुठलीच आई अशी वागणार नाही. लोकांना खरं वाटायला नको?”

शेजारीण लारू तावातावाने पुढे झाली. “अहो साहेब, तिचा...”

आर्विलाने तिचा दंड धरला. “असू दे. तूच कर, लारू. तुला जमेल.”

लारू पहिल्याच खेपेला गुडघ्यांवर कोसळली. तिला रडू आवरेना. केसलरने टाळ्या वाजवल्या. ती आर्विलाकडे बघून रडतेय, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत डेल आपली ताटली घेऊन आर्विलापाशी येऊन बसला.

“मावशी, तुमच्याकडे खरंच कुणी आलं होतं?”

“तारवाला हेबर. फेब्रुवारीत. माझा लायल कोरियाच्या लढाईत होता.”

डेलचा चमचा थांबला. “आणि तुम्ही त्याला जेवायला वाढलंत?”

“अकरा मैल बर्फातून आला होता बिचारा. घेवडा शिजत होता, पाव होता.” तिने मांडीवरचा झगा सारखा केला. “त्याचं जेवण होईपर्यंत कागद उघडायचा नाही, असं ठरवलं मी. तो पुरे, पुरे म्हणत होता. आणि मी वाढतच होते.”