आठ किलो जास्त

"एकतीस किलो," विमानतळाच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली. "तेवीसच चालतात. आठ किलो काढा, नाहीतर जादा सामानाचे पैसे भरा."

मुलाने वडिलांकडे पाहिलं. बॅग त्यांनीच भरली होती, त्यांनीच मोजली होती. 'काठोकाठ तेवीस, एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे,' असं कालच छातीठोकपणे सांगितलंही होतं.

"त्यांना मशीन बघायला सांग," वडील म्हणाले.

"मशीन ठीक आहे, बाबा."

"मग आपल्या घरचा काटा..."

"तोही ठीक आहे. सकाळीच उभा राहिलो होतो मी त्याच्यावर. तुमचंच गणित चुकलंय. जन्मभर ट्रक मोजलेत आणि एक बॅग मोजता येईना?"

मागे रांगेत कुणीतरी हसलं. नाक्यावरच्या वजनकाट्यावर वडिलांनी पस्तीस वर्षं काढली होती. त्यांच्या आकड्यावर बोट ठेवायची एकाही ट्रकवाल्याची छाती झाली नव्हती. ते काम आज पोटच्या पोराने केलं, तेही चारचौघांत.

पैसे भरून मोकळं होता आलं असतं. पण मुलगाही बापाच्याच वळणावर गेलेला. हट्टाने बॅग जमिनीवर उघडून बसला. जाड रजई निघाली, खाऊचे डबे निघाले, नवाकोरा कुकर निघाला. तिकडे सगळं मिळतं म्हणून त्याने चारदा सांगितलं होतं, पण ऐकेल तो बाप कसला! आता तोच बाप पॅंट वर ओढत खाली बसला आणि एकेक वस्तू मुकाट्याने आपल्या पिशवीत भरू लागला. कुकर उचलताना त्यांना धाप लागली.

मुलाला स्वतःचीच लाज वाटली. तीन वर्षांनी घरी आलो, तेही दहा दिवस. त्यातले आठ मित्रांत आणि फोनवर गेले. धड समोर बसून दोन घास एकत्र खाल्ले नाहीत, आणि निघताना बापाला दिलं काय, तर चारचौघांत पाणउतारा. आपलीच जीभ हासडावी असं त्याला वाटलं.

"राहू द्या, बाबा. मी पैसे भरतो. सगळं नेतो."

"नको. चूक माझी आहे."

"होतं एखाद्या वेळी. पण मोजलंत तरी कसं?"

वडिलांचा चेहरा जरा खुलला. "ट्रक मोजतात तसंच. भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा करायची, उरतो तो माल. बॅग हातात घेऊन काट्यावर उभा राहिलो, एक्याण्णव भरले. त्यातून माझे अडुसष्ट गेले. राहिले तेवीस."

"अडुसष्ट कधी मोजले होते?"

"ते कशाला मोजायचं? पस्तीस वर्षं अडुसष्टच आहेत."

मुलाने मनातल्या मनात एक्याण्णवातून एकतीस वजा केले. वडील साठच किलो उरले होते.