एका खेपेला एकतीस दिवस

शनिवारी दुपारी हेस्टरने विम्याचं पाकीट फोडलं आणि तिला हसू आवरेना.

"डॅड, हा तर सहलीला जाणाऱ्यांचा विमा आहे. बर्फात घसरून पाय मोडला, गोल्फच्या काठ्या हरवल्या, तर भरपाई मिळेल."

"मग जप काठ्यांना," विल्फ म्हणाला. तो कढईतून बटाट्याच्या पॅटी काढत होता. इंग्लंडमधल्या हल शहराच्या बंदरात क्रेन चालवून निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघर त्याने ताब्यात घेतलं होतं.

गुरुवारच्या बोटीने हेस्टर नेदरलँड्सला निघणार होती, ग्रोनिंगनच्या विद्यापीठात. चौतिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थिनी. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून इथल्या पोरांना तिकडे परक्यांची फी लागे, राहण्याचा परवाना लागे, आणि परवान्यासाठी वर्षभराचा विमा.

"रोज तिकडे बोट जाते आणि आम्ही परके!" विल्फ म्हणाला. "विमा तरी मी काढला ना?"

"काढलास. पण हे बघ, चौथं पान. एका खेपेला फक्त एकतीस दिवस. बत्तिसाव्या दिवशी आजारी पडले तर कंपनी ओळखही दाखवणार नाही."

"सोपं आहे. शनिवारी तिकडून बोटीत बसायचं. रविवारी इथे माझ्या हातचं रोस्ट खायचं. संध्याकाळच्या बोटीने परत. पुढचे एकतीस दिवस चालू."

"म्हणजे तू हे वाचलं होतंस?"

"छे! एवढी बारीक अक्षरं कोण वाचतं?"

त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. हेस्टरने पान उलटलं.

मग तिने कंपनीला फोन लावून विमा रद्द करायला सांगितलं. पलीकडच्या बाईने कारण विचारलं.

"पोरगी बापापेक्षा शहाणी निघाली, असं लिहा!" विल्फ शेगडीजवळून ओरडला. फोनमधली बाईसुद्धा हसली.

"आणखी एक खा, पोरी," पावात पॅटी दाबत तो म्हणाला. "तिकडे दुपारीही गार पाव नि चीज खातात म्हणे. अशा देशात शिकून काय दिवे लावणार तू?"

तिने तीन खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी विल्फ उठला नाही. रात्री झोपेतच त्याचं हृदय थांबलं होतं.

हेस्टर तीन आठवडे उशिरा ग्रोनिंगनला पोचली. विद्यापीठातल्या खिडकीमागच्या मुलीने तिचे कागद एकेक करून पाहिले. फी भरलेली, पत्ता नोंदवलेला, नवा विमा वर्षभराचा. तिने परवान्याचं कार्ड पुढे सरकवलं.

"सगळं झकास! आता वर्षभर एकदासुद्धा परत जायला नको," ती मुलगी खुशीत म्हणाली.

हेस्टरने कार्ड उचललं. मागे रांग होती, तरी ती हलली नाही.

"तुला भेटल्याशिवाय मलाच महिनाभर राहवलं नसतं, डॅड," ती मोठ्याने म्हणाली.