ज्याला माती घेत नाही

बसा असे जवळ. एर्मेलिंदाबाईनं भर बाजारात विल्बरच्या थोबाडीत हाणली, त्या रविवारची गोष्ट सांगतो तुम्हाला. त्या दिवशी जमली तेवढी गर्दी आमच्या याकुपाम्पात देवाच्या मिरवणुकीलाही जमत नाही.

"चोरा!" बाई ओरडत होती. "माझ्या पिच्चरची एक जरी सीडी तुझ्या टोपलीत दिसली, तर हात तोडून कुत्र्याला घालीन!"

विल्बर चोरीच्या सीड्या विकायचा. गाल चोळत उभा राहिला बिचारा. "अहो बाई, मी अजून काही केलंच नाही की."

"करशील ना! तुझा धंदा मला ठाऊक आहे. माझ्याकडं एकच प्रत आहे, आणि ती माझ्या छातीशी आहे. ये, घेऊन बघ!"

शेवटी सातुर्निनोनं तिला दंडाला धरून मागं ओढलं. हा सातुर्निनो बटाट्याचा ट्रक चालवणारा, पण बाईच्या पिच्चरचा हिरो. हिरो कसला, भूत.

बाई स्वतः पिच्चर काढायची; डोक्यात लहानपणापासून तेच. गोष्टी तिनं कुठल्या पुस्तकातनं घेतल्या नाहीत. थंडीत गोठलेले बटाटे तुडवून सुकवायला बायका जमतात, पाय बधिर होतात आणि तोंडं सुटतात, तिथं ऐकलेल्या त्या. राजधानीतल्या, लिमातल्या एका शहाण्यानं तिला सांगितलं, "तुमच्या डोंगरातल्या क्वेचुआ भाषेत पिच्चर कोण बघणार? थोडं स्पॅनिश घाला, दोन गाणी घाला."

ती म्हणाली, "माझं भूत क्वेचुआच बोलतं. तुमच्या भुताला शिकवा स्पॅनिश."

आणि आली उठून.

पिच्चर असा, की एक माणूस गावाच्या झऱ्याचे हद्दीचे दगड सरकवतो आणि पाणी आपल्या मळ्यात वळवतो. मरतो, तर माती त्याला घेत नाही. बाहेर फेकते. मग तो दारोदार हिंडतो, "माझे दगड परत जागेवर ठेवा हो," म्हणून गयावया करतो. सातुर्निनो त्यासाठी खड्ड्यात तोंडात माती भरून पडला होता. खोकला अजून गेलेला नव्हता.

पिच्चरमध्ये नाव कुणाचंच नव्हतं. गरजही नव्हती. तो झरा आजही नगराध्यक्ष एवारिस्तोच्या मळ्यातनं वाहतो. दगड त्याच्या बापानं सरकवले, हे शेंबड्या पोरालाही माहीत. फक्त मोठ्यानं कुणी बोललं नव्हतं. बाईला तेच बोलायचं होतं, आणि आपल्याच गावात बोलायचं होतं.

आता आमच्या डोंगरातले पिच्चरवाले पिच्चर कुणाच्या हाती देत नाहीत. स्वतः गावोगाव नेतात, स्वतः लावतात, संपला की पोटाशी धरून पुढच्या गावाला. एकदा सीडीचोरांच्या हाती लागला, की मेला तो पिच्चर. ही रीत नगराध्यक्षालाही ठाऊक होती.

त्याच दुपारी पिच्चर बघायला गावचा हॉल भरला. बाई मशीन जोडतेय, तेवढ्यात नगराध्यक्ष दोन पोलीस घेऊन आत आला.

"बंद करा. परवानगी रद्द झाली."

"सही तुमचीच आहे, साहेब."

"काय दाखवणार आहात ते तेव्हा कळलं नव्हतं. मेलेल्या माणसाची बदनामी चाललीय ही."

"कुठल्या मेलेल्याची?" बाई म्हणाली. "मी तर नाव घेतलं नाही. तुम्ही घ्या ना. सगळे बसलेत, ऐकतील."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. नगराध्यक्षाचे कान लाल झाले. पोलिसानं बाईच्या हातातनं पिच्चरची डबी हिसकावली. सातुर्निनो मधे पडला, तर त्याला भिंतीवर ढकललं. नगराध्यक्षानं ती डबी फरशीवर टाकली आणि टाचेखाली चुरा होईपर्यंत तुडवली.

"दुसरी प्रत असेल हिच्याकडं," पोलीस म्हणाला.

"नाही," नगराध्यक्ष म्हणाला. "सकाळी अख्ख्या बाजारानं ऐकलंय." आणि हॉलला कुलूप घालून गेला.

सातुर्निनो पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला. "ताई, संपलं गं सगळं. एवढी माती खाल्ली मी."

बाई बाहेर आणलेले तुकडे पिशवीत भरत होती. "घरी जा सातू," म्हणाली. "गरम सूप पी. छातीला बरं वाटेल."

दिवस कलला तसा तो गल्लीतनं घरी निघाला. न्हाव्याच्या घरापाशी आला आणि थबकला. आतनं आवाज येत होता, "माझे दगड परत जागेवर ठेवा हो!"

त्याचाच आवाज.

पुढच्या घरातनं तोच. समोरच्या घरातनंही तोच. दारादारात शेजारीपाजारी आत टीव्हीकडं माना घालून बघतायत. ज्या पोलिसानं त्याला ढकललं, त्याच्या घरातसुद्धा सातुर्निनो खोकत खोकत दगड मागत होता.

त्याच्या डोक्यात तिडीक गेली. पिच्चर चोरलाच शेवटी! ट्रकमधला लोखंडी दांडा काढला आणि थेट विल्बरच्या दारात.

विल्बर टोपली रिकामी करून निवांत मका खात बसला होता.

"कुठनं चोरलास? बोल, नाहीतर डोकं फोडीन!"

"दांडा खाली ठेव, भाऊ. फोडायचंच तर तिचं फोड." विल्बरनं गालावरनं हात फिरवला. "गेल्या आठवड्यात स्वतः आणून दिला तिनं. वर म्हणाली, रविवारी बाजारात तुला एक ठेवून देईन, जरा जोरात बसेल, वाईट वाटून घेऊ नकोस."

तर मंडळी, माझं एवढं एक काम करा. परत जाताना नगरपालिकेची खिडकी लागेल; आत नगराध्यक्ष बसतो, त्याला अजून ती चोरीच वाटते. तिच्याखाली थांबा, आणि त्या चोर विल्बरला चार सणसणीत शिव्या घालूनच पुढं जा.